अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राची शेवटची ओळ

रेजिना टीचर,

आधी कबुली देते. तुम्ही हॉस्पिटलात मला एकच काम सांगितलं होतंत आणि ते मी वेळेवर केलं नाही. डोंगरीच्या चर्चमध्ये तुमची शवपेटी समोर होती, माझ्या पर्समध्ये चार घड्या घातलेला कागद होता, आणि मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसून राहिले. तेविसावं स्तोत्र वाचलं गेलं. मेंढपाळ, हिरवं कुरण, संथ पाणी. सगळ्यांनी डोळे पुसले. मीही पुसले. तुम्ही असतात तर चष्म्यावरून माझ्याकडे कसं बघितलं असतंत, तेवढंच मला दिसत होतं.

त्याला आता सव्वा महिना झाला. तुमच्यावर काहीतरी लिही असं तुमचे धाकटे भाऊ, पास्कलदादा म्हणाले. जन्म कुठे, नोकरी किती वर्षं, हे त्यांनी स्वतःच एका कागदावर लिहून दिलंय. ते मी वापरत नाहीये. ते तुम्हाला माहीतच आहे.

नऊ वर्षांपूर्वी तुम्ही जेसल पार्कातल्या माझ्या घराची बेल वाजवलीत. हातात कापडी पिशवी, तिच्यात अकरा वह्या. बाहेर माझी पाटी होती, ‘मराठी-इंग्रजी टायपिंग, लग्नपत्रिका, अर्ज’. तुम्ही आत न येताच विचारलंत, “हिब्रू येतं?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “काय येतं?”

“म्हणजे नाही येत. हरकत नाही, मलाही तिशीपर्यंत येत नव्हतं.” आणि चप्पल काढून आत आलात.

शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांवर मराठीत ग्रंथ लिहितेय, हे समजायला मला तासभर लागला. मी गुहागरकडची. आमच्या घरी देवघरात गणपती आणि भिंतीवर कालनिर्णय. बायबल मी हातातसुद्धा धरलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, “बरंच झालं. तुला आधीपासून काही माहीत नाही, म्हणजे तू चुका शोधशील.” पहिल्या प्रूफात मी हिब्रू ओळी डावीकडून उजवीकडे लावल्या. तुम्ही ते पान उलटं धरून, सुलटं धरून बघितलंत आणि म्हणालात, “सुनंदा, तू देवाला उलटा टांगलास.” मग आपण दोघी इतक्या हसलो की आतून माझे यजमान, दिलीप, बघायला आले, काय झालं म्हणून.

तुम्ही शिकवत नव्हतात, पण मी शिकत गेले. एकदा मी तुम्हाला विचारलं, की एवढ्या स्तोत्रांच्या मथळ्यात ‘दाविदाचं’ असं स्वच्छ लिहिलंय, तर ती दावीद राजाने लिहिली नाहीत असं तुम्ही कसं म्हणता? तुम्ही माझ्या दोरीवर वाळणारी साडी दाखवलीत. “ती कोणाची?”

“आईची.”

“म्हणजे आईने विणली? आईने विकत घेतली? आईला कोणी दिली? की आई नुसती नेसते?” मी साडीकडे बघितलं. “हिब्रूत ‘ल’ असं एक अक्षर आहे. तुझ्या ‘ची’सारखंच. दाविदाचं, दाविदासाठी, दाविदाविषयी, काहीही असेल. आणि हे मथळेसुद्धा नंतर कोणीतरी लावलेत, गाणी गोळा करताना. गाणी कित्येक शतकांची आहेत. एका माणसाची नाहीत, रडणाऱ्या पुष्कळ माणसांची आहेत.”

हेच तुम्ही चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, जो बायबलचा वर्ग घ्यायचात, तिथे सांगितलंत आणि वर्ग बंद पडला. कोणीतरी तक्रार केली, की टीचर लोकांचा विश्वास हलवतात. तुम्ही मला ते हसत हसत सांगितलंत. पण त्या दिवशी तुमच्या कपातला चहा तसाच राहिला आणि जाताना तुम्ही पिशवी विसरलात. तुम्ही कधीही काही विसरत नव्हतात.

माझी आई तुमच्यापुढे लाजायची, पण एकदा तिने तुम्हाला गप्प केलं होतं. आठवतं? बाबेलच्या नदीकाठच्या कैद्यांचं ते एकशेसदतिसावं स्तोत्र आपण तपासत होतो. यरुशलेम जाळून, माणसं हाकलत नेली, आणि तिथे नेल्यावर त्यांना सांगतायत, तुमच्या गावची गाणी म्हणून दाखवा. तुम्ही आईला विचारलंत, “तुम्हीही गाव सोडून आलात. तुम्हाला कोणी म्हटलं असतं, गावची गाणी म्हणा, तर?”

आई भाजी निवडत होती. म्हणाली, “आमाला कोणी म्हटलाच नाय.”

तुम्ही ते वाक्य वहीत लिहून घेतलंत. त्याच स्तोत्राचा शेवट मला सहन होत नव्हता. शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटणारा धन्य, असं काहीसं आहे ते. मी म्हटलं, हे गाळू या, मराठीत कोण वाचणार? तुम्ही इतक्या चिडलात की चष्मा काढलात. “ज्यांची मुलं तशी मारली त्यांनी लिहिलंय ते. त्यांनी हातात दगड घेतला नाही, देवासमोर जाऊन बोलले. ते आपण गाळायचं? प्रार्थना म्हणजे देवाला चांगलं चांगलं ऐकवणं नव्हे.”

चार वर्षांपूर्वी दिलीप गेले. भांड्यांच्या गाळ्यावर, पॉलिशच्या मशीनसमोर उभे असतानाच कोसळले. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी कोणी नव्हतं. मग संक्रांत आली. सोसायटीतल्या बायका नटून मजल्यामजल्यावर हळदीकुंकवाला फिरत होत्या, आणि त्यांच्या बांगड्यांचा आवाज माझ्या दारापाशी येऊन पुढे गेला. ज्या बायकांबरोबर वीस वर्षं मी वाण लुटलं होतं, त्या. मी दाराआड उभी होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. धीर धर म्हणाला नाहीत, देवाची इच्छा म्हणाला नाहीत. पिशवीतून वही काढलीत आणि विचारलंत, “पुढचं तू करणार आहेस की दुसऱ्या कोणाला देऊ?” मला संताप आला. पण मी कॉम्प्युटर चालू केला. तुम्ही शेजारी बसून एकेक ओळ सांगत होतात आणि मी टाइप करत होते. ते अठ्ठ्याऐंशीवं होतं. निवडून आणलं होतंत की ओघात आलं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बाकीची दुःखाची स्तोत्रं शेवटी वळतात, तुम्हीच दाखवलं होतंत. रडतात, भांडतात, आणि मग कुठेतरी म्हणतात, तरीही मी तुझी स्तुती करीन. हे एकच वळत नाही. कोणी आजारी, कोंडलेला माणूस आहे, ज्याची माणसांना किळस येतेय. महारोग असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. तुम्ही त्यावर टीप लिहिलीत, ‘रोग कोणता हे कळत नाही. माणसं लांब गेली एवढं कळतं.’ तो देवाला विचारतो, मेलेले उठून तुझी स्तुती करतील का? तुम्ही समजावलंत, की त्या काळी त्यांच्याकडे मेल्यानंतरचा स्वर्ग नव्हता. सगळे एकाच खोल काळोख्या जागी जायचे आणि तिथे देवाची आठवणही नाही. म्हणजे तो खरंच विचारत होता. त्याला उत्तर माहीत नव्हतं.

तो दिवस नसता तर मी पुन्हा कामाला लागले नसते, टीचर. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

सप्टेंबरात तुमच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टरांनी पास्कलदादांना बाजूला घेतलं, तर तुम्ही म्हणालात, “त्याला काय सांगता, वही माझी अपुरी आहे, मला सांगा.” तेव्हापासून मी तुमच्याकडे येऊ लागले. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस, मिठागरं मागे टाकत डोंगरीला. तुमच्या पडवीत खाट, खाटेवर प्रूफं. तुम्ही झोपून ऐकायचात, मी वाचायची.

डिसेंबरात आपण अठ्ठ्याऐंशीच्या शेवटच्या ओळीवर अडकलो. त्या ओळीच्या शेवटी दोनच शब्द आहेत, क्रियापद नाही. एक शब्द ‘माझे ओळखीचे’. दुसरा ‘मख्शाख’, अंधार. तुम्हाला हवं होतं, ‘माझी ओळखीची माणसं… अंधार.’ मी म्हटलं हे मराठीत अर्धवट वाटतं, छपाईची चूक वाटेल. ‘आता ओळखीचा उरला तो अंधारच’, असं करू या. पुष्कळ भाषांतरकार तसं करतात, हे तुम्हीच टिपेत दिलंय.

“छान आहे,” तुम्ही म्हणालात. “म्हणून नको. तुझ्या वाक्यात त्याला अंधाराची तरी सोबत आहे. त्याच्याकडे तीही नाही. बोलता बोलता त्याचं वाक्यच तुटलंय.”

“अंधाराची सोबत होते, टीचर. मला विचारा.”

“ते तुझं आहे, सुनंदा. त्याचं नाही.”

मला ते लागलं. माझ्या चार वर्षांना कोणीतरी बाजूला सारावं तसं. आणि मी बोलून गेले, “तुम्हाला काय कळणार? तुमचं कोण गेलंय?”

तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. मग म्हणालात, “आज थकले मी. परवा ये.”

परवा मी आले. त्यानंतर आणखी तीनदा आले. दर वेळी बसमध्ये ठरवायची की आज माफी मागायची. आणि दर वेळी स्वल्पविराम दुरुस्त करून परत जायची. तुम्ही पूर्वीसारख्याच बोलत होतात. त्यामुळे तर जास्तच कठीण झालं.

जानेवारीत तुम्हाला मीरा रोडला हॉस्पिटलात हलवलं. एका दुपारी पास्कलदादा औषधं आणायला खाली गेले होते, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. हात अगदी हलका झाला होता. “माझ्या वेळी अठ्ठ्याऐंशी वाच. तेवीस नको.”

“असं कसं टीचर, लोकांना काय वाटेल?”

“तेवीस वाचलं तर त्यांना वाटेल मी हसत गेले. मी हसत नाहीये. मला भीती वाटते.”

नऊ वर्षांत हे वाक्य मी तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी चाचरत म्हटलं, “पण तुमचा तर विश्वास आहे ना?”

“आहे ना. म्हणून तर. पूर्ण स्तोत्रात तो ‘तू’, ‘तू’ म्हणत बसलाय. विश्वास नसता तर कोणाला म्हणाला असता?” मग दम लागला. थांबून म्हणालात, “पास्कलला आत्ता सांगू नको. रडेल.”

मी हो म्हटलं. शेवटची ओळ कशी वाचायची, ते विचारायचं धाडस झालं नाही. तुम्ही पाच दिवसांनी गेलात.

मी का वाचलं नाही? घरून पेटी निघायच्या आधी फादरनी विचारलं होतं, कोणाला काही वाचायचंय का. पास्कलदादा भिंतीला टेकून हुंदके देत होते. पडवीत, अंगणात माणसंच माणसं. मी कपाळावर टिकली लावलेली, कुठली कोण टायपिंगवाली. मी उठून तुमच्या माणसांसमोर असं गाणं वाचायचं, ज्याचा शेवटचा शब्द अंधार? हे कारण मी स्वतःला चौदा दिवस देत होते. पण ते पूर्ण कारण नव्हतं. तुम्हाला भीती वाटली होती, हे मला खरं व्हायला नको होतं. हिरव्या कुरणातून शांतपणे गेलात असंच मलाही मानायचं होतं. तुमचं वाक्य मी गोड करून घेतलं. तुम्ही ज्यावर नऊ वर्षं माझ्याशी भांडलात, तेच मी तुमच्या बाबतीत केलं.

पंधराव्या दिवशी मी तो कागद घेऊन तुमच्या घरी गेले. पास्कलदादा पडवीत जाळीच्या कपाटातली तुमची पुस्तकं पुसत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, टीचरनी मला असं असं सांगितलं होतं आणि मी केलं नाही.

ते रागावले नाहीत. हातातलं फडकं खाली ठेवलं. “तुला तिने कॉन्व्हेंटचा सांगितला व्हता?”

“कसलं कॉन्व्हेंट?”

मग त्यांनी सांगितलं. विसाव्या वर्षी तुम्ही सिस्टर व्हायला गेलात. सगळा गाव पोचवायला आला होता. नऊ वर्षांनी तुम्ही व्रत सोडून परत आलात. का आलात, ते त्यांनाही माहीत नाही. “बाबानी सांगितला, हिच्याशी कोणी बोलाचा न्हाय. मागची खोली दिली. ताट दारात ठेवायचे. शेजारचे रस्ता बदलून जायचे. एक वरीस. मी बावीसचा व्हतो, सुनंदाबाय, लहान नव्हतो. मला कामाला लावाला तिनेच कॉन्व्हेंटातून चिठ्ठी दिलती. मी पण न्हाय बोललो.”

कोणी एक म्हातारे फादर तेवढे तुम्हाला पुस्तकं पाठवत राहिले. त्याच खोलीत तुम्ही हिब्रू शिकलात. पुढे शाळेत नोकरी लागली, बाबा निवले, माणसं बोलू लागली आणि सगळ्यांनी ते वर्ष विसरून टाकलं. तुम्ही कोणाला त्याची आठवण करून दिली नाहीत.

मी पायरीवर बसले. ‘रोग कोणता हे कळत नाही. माणसं लांब गेली एवढं कळतं.’ तुमची ती टीप मी चार वेळा तपासली होती, टीचर. काना, मात्रा, वेलांटी, सगळं तपासलं होतं.

पास्कलदादांनी कागद मागितला. चष्मा लावून अर्धा वाचला, मग परत माझ्या हातात दिला. “तिच्या महिन्याच्या मिस्साला घरी सगळी येतील. तवा वाच.”

“लोक उठून जातील.”

“जातील तर जातील.”

गेल्या रविवारी मी वाचलं. चर्चमधून सगळे घरी आले होते, पडवीत सतरंज्या घातल्या होत्या. पास्कलदादांनी उभं राहून सांगितलं की रेजिनाची ही इच्छा होती, ही बाई तिच्याबरोबर नऊ वर्षं काम करत होती, ती वाचेल. रोज पहाटे मी तुला हाक मारतो, तू तोंड का लपवतोस, तिथपर्यंत आले तेव्हा एक बाई पदर सावरून उठली आणि बाहेर गेली. मी वाचत राहिले. शेवटची ओळ आली. कागदावर मी दोन्ही वाक्यं छापून नेली होती, तुमचंही आणि माझंही. ऐन वेळी बघू म्हणून.

मी म्हटलं, “माझी ओळखीची माणसं…” आणि श्वास घ्यायला मान वर केली. समोर तुमची ओळखीची माणसं बसली होती. म्हाताऱ्या शेजारणी, ज्यांनी रस्ता बदलला होता. पास्कलदादा. आणि चारदा माफी मागायला येऊन न मागता गेलेली मी. त्या तीन टिंबांत आम्ही सगळे होतो. तिथे दुसरं काही बसलंच नसतं. मी शेवटचा शब्द म्हटला आणि खाली बसले.

कोणी आमेन म्हणालं नाही. मग पास्कलदादाच बोलले, बसल्या जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “ती कॉन्व्हेंटातून परत आलती, तवा आपण कोण तिच्याशी बोललो न्हाय. मी बोललो न्हाय.” मग कोपऱ्यातली एक म्हातारी, पोलीन नाव तिचं, म्हणाली, “मी तिच्या वर्गातली. दोन आळ्या सोडून राहायची. आज जाऊ, उद्या जाऊ करत गेलीच न्हाय.” तिच्यानंतर आणखी एकजण बोललं. मग आणखी एक. बाहेर गेलेली बाई दारात येऊन उभी राहिली आणि आत आली नाही, पण गेलीही नाही.

तुम्हाला हे आवडलं असतं की तुम्ही चिडला असतात, मला ठरवता येत नाही. कदाचित म्हणाला असतात, पन्नास वर्षांपूर्वी सुचलं असतं तर. आणि ते बरोबरच झालं असतं. त्या म्हाताऱ्या आता बोलल्या म्हणून त्या मागच्या खोलीतली तुमची एकही दुपार सोपी होत नाही. मी वाचलं म्हणून चर्चमधलं माझं गप्प बसणं पुसलं जात नाही. शेवट गोड करायचा नाही, एवढं तरी मी तुमच्याकडून शिकलेय.

पुस्तकात ओळ तुमचीच ठेवलीय. माझं वाक्य मी टिपेत पर्याय म्हणून घातलं होतं, तेही काढलं.

डिसेंबरच्या त्या दुपारी मी तुम्हाला विचारलं, तुमचं कोण गेलंय. तुम्ही पन्नास वर्षं ज्यांच्यामध्ये राहिलात ते सगळे एकदा तुम्हाला सोडून गेले होते, आणि तुम्ही मला हे एका शब्दाने सांगितलं नाहीत. उलट त्याच खोलीत शिकलेलं घेऊन, ज्या दिवशी बायका माझ्या दारावरून पुढे गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तुम्ही माझी बेल वाजवलीत.

चुकलं माझं, टीचर. तुम्ही समोर असताना म्हणायला हवं होतं.

सुनंदा